थांबलेल्या गाडीचा पंखा

गाडी तापायची असेल तर पूर्वी घाटात जावं लागायचं. खंडाळ्याच्या चढणीवर रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट आणि अॅम्बॅसिडर ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. कुणीतरी डबा घेऊन पाणी शोधायला निघालंय, मुलं दगडावर बसून चिवडा खातायत, आणि वडील रेडिएटरकडे असे बघतायत की जणू त्याने घराण्याचं नाक कापलं. आता एवढं लांब जायची गरज उरलेली नाही. मे महिन्यातली दुपार, अंधेरी-घाटकोपर लिंक रोड, साकीनाका ते असल्फाच्या मधली रांग आणि चालू ठेवलेला एसी... उपनगरातच सगळी सोय झाली आहे!

गाडी तापली की आपण म्हणतो, 'पाणी संपलं असेल' किंवा 'फॅन गेला असेल'. पाण्याचं सगळ्यांना कळतं. पण त्या पंख्याची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, आणि ती मोठी मजेशीर आहे.

पेट्रोल जाळून इंजिन जी उष्णता तयार करतं, त्यातला जेमतेम तिसरा-चौथा हिस्सा गाडी पळवायच्या कामी येतो. बाकीची उष्णता सायलेन्सरमधून धुरावाटे आणि इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. ते गरम पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातं आणि नळ्यांना वारा लागला की निवतं. गाडी ताशी ४०-५० किलोमीटरने पळत असेल तर समोरून येणारा वारा बहुतेक वेळा पुरतो. पंख्याची खरी गरज गाडी थांबलेली किंवा रांगत असताना. म्हणजे हा पळणाऱ्या गाडीचा भाग नाहीच, हा थांबलेल्या गाडीचा भाग आहे.

कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत ही भानगड नव्हती. इंजिनाभोवतीचं पाणी तापून वाफ होऊन उडून जायचं, वाटेत पुन्हा ओतायचं. डाइमलर कंपनीतल्या विल्हेल्म मायबाखने १९०० च्या सुमारास मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ६ मिलिमीटर रुंदीच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. १९०१ च्या ३५ अश्वशक्तीच्या पहिल्या मर्सिडीजला तो बसवला आणि मागे एक पंखाही लावला, कारण कमी वेगात वारा पुरेना. रस्त्यावर गाड्यांची गर्दी व्हायच्या आधीच हा पंखा आला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता कुर्ल्याला येऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्यांची जुळणी व्हायची, मग पन्नासच्या दशकात फियाट आली. कारखान्याशेजारच्या लालबहादूर शास्त्री मार्गाला जुनी माणसं अजूनही आग्रा रोड म्हणतात. घाटकोपर, मुलुंड, ठाणे करत तो थेट कसाऱ्याच्या घाटाकडे निघायचा. म्हणजे कुर्ल्यात जन्मलेल्या गाडीची परीक्षा त्याच रस्त्यावर पुढे लिहून ठेवलेली होती!

फियाट ११०० पुढे १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. तिच्या १०८९ सीसी इंजिनाची कुळी १९३७ पर्यंत मागे जाते. पंखा इंजिनाच्या तोंडाशी, पाण्याच्या पंपाबरोबर, एका पट्ट्यावर फिरायचा. इंजिन जितकं जोरात तितका पंखा जोरात. ऐकायला बरं वाटतं, पण हिशेब उलटा आहे. मोकळ्या रस्त्यावर वारा भरपूर असताना पंखा गरगर फिरतो, आणि सिग्नलला इंजिन मंद चालत असताना, म्हणजे नेमकी गरज असताना, पंखाही मंद. म्हणून जुने टॅक्सीवाले सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये टाकून हलकेच रेस देत उभे असायचे. मागच्या सीटवरच्या माणसाला वाटायचं, घाई झालेली दिसते. घाई कसली, तो पंखा आणि पंप फिरवत असायचा.

घाटातली गोष्ट आणखी वेगळी. तिथे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरतं, पंखाही फिरतो, पण चढणीचं ओझं इतकं असतं की उष्णता त्याला आवरत नाही. वेग कमी, वारा कमी, काम जास्त.

उपनगरात याच रस्त्यांवर एक वाहन असं होतं की त्याला रेडिएटरच नव्हता: रिक्षा. व्हेस्पा स्कूटरच्या घराण्यातलं तिचं टू-स्ट्रोक इंजिन आतल्या आत कोंडलेलं, म्हणून फ्लायव्हीललाच पाती लावून त्याच्यावर हवा मारली जायची. पाणी नाही, पाइप नाही, उकळणं नाही. टॅक्सीवाला पाण्याची बाटली सांभाळत असताना शेजारी रिक्षावाला फुर्रफुर्र करत निर्धास्त उभा.

मोटारीच्या पंख्याचा उलटा हिशेब सुटला तो वेगळ्याच कारणाने. छोट्या गाडीत माणसांना जास्त जागा मिळावी म्हणून इंजिन आडवं बसवायची कल्पना आली. १९५९ च्या मिनीत इंजिन आडवं केलं तेव्हा पट्ट्याचा पंखा सोडवेना, म्हणून रेडिएटरच बाजूला, चाकाच्या कोनाड्याकडे तोंड करून ठेवला. पुढे रेडिएटर समोर आणून त्याला विजेचा पंखा लावायची पद्धत रुळली. १९६९ ची फियाट १२८ ही त्या वाटेवरची एक महत्त्वाची गाडी. तिचे अभियंते दान्ते जाकोसा. आणि १९५३ ची फियाट ११००, म्हणजे आपल्या पद्मिनीची आई, हीसुद्धा जाकोसांचीच! त्यांचं पुढचं पाऊल तिकडे तुरीनमध्ये १९६९ ला पडलं, आणि इकडे कुर्ल्यात त्यांचं आधीचं पाऊल २००० च्या सुमारापर्यंत तसंच उमटत राहिलं. परवान्यांच्या राज्यात गाडी विकायची काळजी नव्हती, मग पंखा कोण बदलणार?

आपल्याकडे आडवं इंजिन आणि विजेचा पंखा घरोघरी नेला तो डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने. पाणी ठरावीक तापलं, साधारण ९० ते १०० अंशांच्या मध्ये, की थर्मो स्विच जोडला जातो, पंखा सुरू होतो. निवलं की बंद. इंजिन मंद असो की जोरात, पंख्याला फरक पडत नाही. सिग्नलला रेस द्यायची गरज संपली. पण एक गोष्ट बदलली ती कुणी फारशी मनावर घेतली नाही. पट्टा तुटला तर दिसतो, सैल झाला तर किंचाळतो. विजेचा पंखा मरतो तो न बोलता. हायवेवर गाडी मस्त चालते, काटा मध्यावर असतो, आणि बोरिवलीहून निघालेला माणूस अंधेरीच्या रांगेत अडकला की पाचव्या-दहाव्या मिनिटाला काटा वर!

म्हणून चांगला मेकॅनिक बोनेट उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारतो: 'उभी असताना तापते की चालताना?' उभी असताना तापून पळायला लागल्यावर निवत असेल तर संशय पंख्यावर. पळतानाही तापत असेल तर पाणी कमी, थर्मोस्टॅट अडकलेला, पंप गेलेला, रेडिएटर चोंदलेला किंवा हेड गॅस्केट उडालेलं, यांतलं काहीतरी.

पंख्यावर संशय आला तर क्रमाने जायचं. इंजिन चालू ठेवून एसी लावा, बहुतेक गाड्यांत पंखा फिरायला हवा. नाही फिरला तर आधी फ्यूज पाहा, मग रिले. तिथेच बाजूला हॉर्नचा रिले त्याच मापाचा असेल तर अदलाबदल करून बघता येते. तरीही गप्प असेल तर पंख्याचा प्लग काढून त्याला बॅटरीवरून थेट वीज द्या. फिरला तर मोटर ठीक, दोष स्विचमध्ये किंवा वायरीत. नाही फिरला तर मोटरच गेली. पावसाळ्यात अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी पाण्यातून गाडी काढल्यावर मोटरमध्ये पाणी शिरतं आणि ती महिना-दोन महिन्यांनी दगा देते, तेव्हा पाऊस कुणाला आठवत नाही. आणखी एक बारकावा: पाणी खूप कमी असेल तर स्विचभोवती नुसती वाफ उरते आणि पंखा लागतच नाही. म्हणजे दोष पाण्याचा, नाव पंख्याचं.

या सगळ्यात दोन गोष्टी जपायच्या. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. झाकणाखाली दाब असतो, त्यामुळे आतलं पाणी शंभर अंश ओलांडूनही उकळलेलं नसतं. झाकण सैल केलं की ते एकदम उकळतं आणि थेट तोंडावर येतं. आणि इंजिन बंद असलं तरी पात्यांजवळ हात न्यायचा नाही, काही गाड्यांत पंखा नंतरही सुरू होतो. काटा वर गेला की एसी बंद करून, हीटर असेल तर तो पूर्ण गरमवर लावून कडेला थांबा. 'घर दोन सिग्नलवर आहे' म्हणून पुढे नेलेल्या गाडीचं अॅल्युमिनियमचं हेड वाकतं, आणि काहीशे रुपयांच्या रिलेचं काम हजारोंवर जातं. भाड्याने गाडी चालवणाऱ्याची त्यात कित्येक दिवसांची कमाई बुडते.

पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ ची होती, वीस वर्षांची मुदत भरली. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत. कित्येक नव्या छोट्या गाड्यांत तापमानाचा काटासुद्धा नाही, एक निळा आणि एक लाल दिवा. लाल लागेपर्यंत सगळं आलबेल.

मला जुन्या गाड्यांचे कढ काढायचे नाहीत. नवा पंखा जुन्यापेक्षा नक्कीच शहाणा आहे. पण रेस देत उभ्या राहणाऱ्या टॅक्सीवाल्याला इंजिन काय म्हणतंय ते पायाला कळायचं. आपल्याला ते कळावं अशी गाडीची अपेक्षाच उरली नाही, आणि रस्ते मात्र असे झालेत की गाडी पळते कमी, थांबते जास्त. अशा शहरात तो पंखा चालतोय की नाही, हे महिन्यातून एकदा बोनेटशी कान लावून ऐकायला काय हरकत आहे? दोन मिनिटं लागतात. सिग्नलला तेवढी तर रोजच जातात.