पडद्यावरचा डॉक्टर आणि शेजारची रिकामी खुर्ची

लखनौला पोस्टिंग आली की गावाकडचे लोक दोनच प्रश्न विचारतात: इमामबाडा पाहिलास का, आणि कबाब खाल्लेस का? फौजी माणसासाठी मात्र या शहराची आणखी एक ओळख आहे, ती म्हणजे दवापाण्याची. आर्मी मेडिकल कोअरचं सेंटर आणि कॉलेज इथल्याच छावणीत आहे. ३ एप्रिल १९४३ रोजी इंडियन मेडिकल सर्व्हिस, इंडियन मेडिकल डिपार्टमेंट आणि इंडियन हॉस्पिटल कोअर या तिन्हींना एकत्र करून इंडियन आर्मी मेडिकल कोअर उभी राहिली. तीच आजची एएमसी. आपल्या पलटणीत लाल क्रॉसची पिशवी घेऊन फिरणारा नर्सिंग असिस्टंट याच कोअरचा.

या नर्सिंग असिस्टंटचं एक काम आपण सगळ्यांनी पाहिलंय. उंचावरच्या पोस्टवर डॉक्टर नसतो. रात्री एखाद्या जवानाचं डोकं दुखायला लागतं, उलट्या होतात, दम लागतो. मग हा गडी फोन उचलतो आणि खाली आरएमओ साहेबांना सांगतो: नाडी इतकी, ऑक्सिजन इतका, ताप इतका, त्रास कधीपासून, आतापर्यंत काय दिलं. आरएमओ पेशंटला न बघता ठरवतात की गोळीवर भागेल, ऑक्सिजन लावायचा की लगेच खाली उतरवायचं. तेव्हा आपण त्याला 'टेलिमेडिसिन' म्हणत नव्हतो, एवढंच.

आता नागरी बाजू पाहू. रायबरेली रोडवर संजय गांधी पीजीआय ही मोठी संस्था आहे. लखनौकर तिला नुसतं 'पीजीआय' म्हणतात. १९९९ च्या सुमारास दिल्लीचं एम्स, चंदीगडचं पीजीआय आणि लखनौचं हे पीजीआय यांना दूरसंपर्कानं जोडण्याचा सरकारी प्रकल्प सुरू झाला. लखनौत त्याची धुरा अंतःस्रावी ग्रंथींचे सर्जन डॉ. एस. के. मिश्रा यांनी घेतली. २००१ च्या प्रयाग महाकुंभात पटकीची साथ उठू नये म्हणून दूरवैद्यकाचा वापर झाला, आणि त्या अनुभवावर पुढे शोधनिबंधही निघाला. नंतर ओडिशातली कटक, बुर्ला आणि बरहमपूर इथली मेडिकल कॉलेजं लखनौशी जोडली गेली. तिथल्या पेशंटचे कागद आणि फोटो इथले तज्ज्ञ बघू लागले. इंटरनेट अजून खेड्यात पोहोचायचं होतं, त्या काळातली ही गोष्ट आहे.

या इतिहासातली एक बाब सहसा कुणी सांगत नाही. कटक असो की आपली बर्फातली पोस्ट, पेशंटच्या शेजारी कुणीतरी जाणकार बसलेला असायचाच. तिकडे डॉक्टर, इकडे नर्सिंग असिस्टंट. पोटाला हात लावणारा, जीभ बघणारा, नेमके आकडे सांगणारा तोच. तोफखान्यातल्या मित्रांना हे लगेच कळेल. डोंगरामागच्या तोफेला लक्ष्य दिसत नसतं. पुढे ओपीत बसलेला माणूस बघतो, आकडे देतो, आणि मग गोळा बरोबर पडतो.

२५ मार्च २०२० ला, लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. नोंदणीकृत डॉक्टरनं घरबसल्या पेशंटला व्हिडिओवर, फोनवर किंवा लेखी संदेशावर सल्ला देण्याला त्यातून स्पष्ट नियम मिळाले. एप्रिलमध्ये ई-संजीवनी ओपीडी घराघरांसाठी खुली झाली. २७ मे २०२१ रोजी संरक्षणमंत्र्यांनी सेवेतले जवान, माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी 'सेहत ओपीडी' सुरू केली. सोय फार मोठी झाली, पण पेशंटच्या शेजारची खुर्ची रिकामी झाली. तिथं आता आपल्याला बसायचंय.

आमच्या घरचंच सांगतो. वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. गाव माण तालुक्यात. साताऱ्याचं ईसीएचएस पॉलीक्लिनिक गाठायचं तर त्यांचा सगळा दिवस एसटीत आणि रांगेत जातो. त्यामुळे ब्लडप्रेशरच्या नेहमीच्या तपासणीला व्हिडिओ त्यांना सोयीचा पडतो. पण जुन्या फौजीची एक सवय असते. साहेबांनी विचारलं 'कैसे हो', की छाती पुढे काढून 'ठीक हूँ साब'. परेडवर ते शोभतं. पडद्यावरच्या डॉक्टरला मात्र ना सुजलेले पाय दिसतात, ना जिन्यावर लागणारा दम. तुम्ही 'ठीक' म्हणालात तर तो ठीकच धरणार. म्हणून आई शेजारी बसते आणि वही उघडते.

आधी निवड. छातीत दुखणं, दम कोंडणं, तोंड वाकडं होणं, एका अंगाची ताकद जाणं, बोलताना जीभ अडखळणं, शुद्ध हरपणं, न थांबणारा रक्तस्राव, यांपैकी काही झालं तर फोनवर डॉक्टर शोधत बसू नका. थेट १०८ लावा. नवीन पोटदुखी किंवा गाठ असेल तर हात लावून बघणारा डॉक्टरच हवा. व्हिडिओला योग्य काय? जुन्या आजाराची फेरतपासणी, रिपोर्ट दाखवणं, चालू गोळ्या पुढे न्यायच्या की बदलायच्या हे विचारणं, साधी सर्दी-खोकल्याची तक्रार, मनावरच्या ताणाबद्दल बोलणं.

डॉक्टर निवडताना आपल्याला आधी प्रत्यक्ष तपासलेला डॉक्टर मिळाला तर सगळ्यात उत्तम. त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष भेट झाली असेल तर नियमानुसार ती फेरतपासणी धरली जाते, आणि औषधं देताना डॉक्टरला जास्त मोकळीक असते. पहिल्यांदाच भेटत असाल तर फोनपेक्षा व्हिडिओ घ्या, कारण काही औषधं पहिल्या भेटीत व्हिडिओशिवाय लिहिताच येत नाहीत. अमली पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधं सहसा या मार्गानं मिळत नाहीत, तेव्हा त्यासाठी डॉक्टरशी हुज्जत घालू नका. चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असायलाच हवा. तो नसेल तर विचारा. तो तुमचा हक्क आहे. तुम्हीही खरं नाव, वय आणि पत्ता द्यायचा असतो. निनावी सल्ला चालत नाही.

मग तयारी. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून बीपी मोजा आणि तारखेसह लिहा. शुगर असेल तर तीही लिहा. गोळ्यांची नावं पाठ सांगू नका, पाकिटंच कॅमेऱ्यासमोर धरा. नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही दिसले पाहिजेत. वैदूची पुडी किंवा आयुर्वेदिक काढा चालू असेल तर तोही सांगा. कुठल्या औषधानं अंगावर पुरळ उठतं ते कागदावर सगळ्यात वर लिहा. जुनं डिस्चार्ज कार्ड आणि ईसीजी जवळ ठेवा. फोन चार्ज करून डब्याला टेकवून ठेवा. उजेड तोंडावर येऊ द्या, पाठीमागून नको. तक्रार एका वाक्यात लिहून ठेवा: काय होतंय, कधीपासून, कशानं वाढतं. मराठी समजणारा डॉक्टर नसेल तर हिंदी नीट बोलणारं माणूस शेजारी बसवा.

फोन ठेवण्याआधी दोन प्रश्न विचाराच. कोणतं लक्षण दिसलं तर मी लगेच दवाखाना गाठू? आणि पुढची भेट कधी, प्रत्यक्ष की पडद्यावर? उत्तरं वहीत लिहा, आणि चिठ्ठी फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे ठेवा.

माजी सैनिक मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांची मुलं पुण्या-मुंबईत आहेत, काहींची माझ्यासारखी सरहद्दीच्या आसपास. दर वेळी कुणी शेजारी बसेलच असं नाही. अशा वेळी त्या नर्सिंग असिस्टंटला आठवा. 'ठीक हूँ' असा रिपोर्ट तो कधीच देत नव्हता. आकडे द्यायचा, वेळ सांगायचा, आणि पोस्टवरचा जवान सुखरूप खाली यायचा. स्वतःचा रिपोर्ट तसाच द्या.

जय हिंद.