साडेबारा हजार नावं

नोव्हेंबर १९६४ मध्ये बॅरी गोल्डवॉटर अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक सपाटून हरले. पन्नासपैकी सहा राज्यं पदरात पडली: घरचं ॲरिझोना आणि दक्षिणेतली पाच. सरकारी पसाऱ्याचे हे कट्टर विरोधक त्याच वर्षीच्या नागरी हक्क कायद्याच्या विरोधात गेले होते, आणि दक्षिणेतल्या गोऱ्या मतदारांनी ते नेमकं ध्यानात ठेवलं. पुष्कळ जाणकारांनी तेव्हाच उजव्या चळवळीचं श्राद्ध घालून टाकलं. घाई झाली!

त्या प्रचारासाठी ‘चॉईस’ नावाचा अर्ध्या तासाचा माहितीपट तयार होता. दंगली, धांगडधिंगा, उघडीवाघडी तरुणाई, आणि भरधाव मोटारीतून फेकलेले बीअरचे डबे. गोल्डवॉटर यांनी तो वर्णद्वेषी ठरवून दाखवू दिला नाही. थोड्याच दिवसांनी, २७ ऑक्टोबरला, रोनाल्ड रेगन नावाचा एक नट त्यांच्या बाजूनं टीव्हीवर अर्धा तास बोलला. दोन वर्षांत तो कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. १९८० मध्ये थेट अध्यक्षपदावर.

ही चळवळ पडद्यावर समजून घ्यायची तर दोन माहितीपट हाताशी आहेत. ‘मिस्टर कॉन्झर्व्हेटिव्ह’ (२००६) गोल्डवॉटर यांच्या नातीनं काढला. गर्भपाताचा हक्क आणि समलिंगी सैनिकांची बाजू घेऊन धार्मिक उजव्यांशी फटकून वागणारे म्हातारे गोल्डवॉटर त्यात भेटतात. शाळकरी वयात त्यांचा प्रचार करणाऱ्या हिलरी क्लिंटनही त्यांच्याबद्दल बोलतात. ‘बेस्ट ऑफ एनिमीज’ (२०१५) मध्ये १९६८ चे टीव्हीवरचे वाद आहेत. ‘नॅशनल रिव्ह्यू’ काढणारे विल्यम बकली एका बाजूला, लेखक गोर व्हिडाल दुसऱ्या. व्हिडाल यांनी बकलींना नाझींच्या पंगतीत बसवलं. बकलींनी चालू कार्यक्रमात शिवी हासडून तोंड फोडायची धमकी दिली.

चित्रपट संपल्यावरची चर्चा मग त्या शिवीभोवतीच घुटमळते, यात नवल नाही. भांडण कॅमेऱ्याला आवडतं. कारकुनी कामाकडे तो ढुंकूनही पाहत नाही.

असंच एक काम: गोल्डवॉटर १९६४ ची निवडणूक हरल्यानंतर रिचर्ड व्हिगरी नावाचा तरुण वॉशिंग्टनमधल्या सरकारी कचेरीत गेला. गोल्डवॉटरना पन्नास डॉलर किंवा जास्त देणाऱ्यांची नावं-पत्ते तिथं कायद्यानं सर्वांना खुले होते. त्यानं ते हातानं उतरवायला घेतले. पुढं मदतीला पगारी बायका ठेवल्या. जमली सुमारे १२,५०० नावं. घरोघर पत्रं धाडून चळवळीसाठी पैसा उभा करायचा व्हिगरीचा धंदा त्याच यादीवर सुरू झाला.