१ नोव्हेंबर : रिंगणातून तलावात
पांढुर्णा-सौंसरकरांना १ नोव्हेंबर ठाऊक आहे तो मध्य प्रदेशाचा स्थापना दिवस म्हणून. याच तारखेला १९४४ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूर परिसरात मुरलीकांत पेटकरांचा जन्म झाला. लष्करात ते मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखाली लुळेपणा आला. बॉक्सिंग सुटलं ते कायमचं. उपचारासाठी पाण्यात उतरले आणि जलतरणपटू झाले. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रमासह! पॅरालिम्पिकमधलं भारताचं हे पहिलं सुवर्णपदक. कौतुक मात्र रांगत आलं: पद्मश्रीला २०१८ साल उजाडलं, अर्जुन जीवनगौरवाला २०२५. तोवर पेटकरांनी ऐंशी ओलांडली होती.