मूकपटातील अनाथ मूल आणि वारशाचा प्रश्न : शहापूर-मुरबाडच्या संदर्भात

प्रस्तावना

आईबापांचे छत्र हरपलेले किंवा त्यांच्यापासून दुरावलेले मूल हा मूकपटांचा आवडता विषय होता. संवाद नसलेल्या पडद्यावर मुलाचा चेहराच प्रेक्षकाला हेलावून सोडी. तथापि, कथेच्या शेवटी त्या मुलाच्या वाट्याला वारसा म्हणून काय येते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात तो ग्रामीण ठाणे जिल्ह्याच्या संदर्भात मांडला आहे.

पडद्यावरील वारसा

दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मध्ये रोहिदासाची भूमिका त्यांचा मुलगा भालचंद्र याने केली. तेथील ताटातूट ही सत्त्वपरीक्षा असते व ती ईश्वरकृपेने संपते. चार्ली चॅप्लिनच्या ‘द किड’ (१९२१) मधील टाकून दिलेले मूल एका फाटक्या माणसाच्या खोलीत वाढते. अखेरीस नामवंत व श्रीमंत झालेली आई त्याला परत मिळते. पुण्याच्या अगरवाल फिल्म कंपनीचा ‘दिलेर जिगर’ (१९३१) हा आज पाहावयास मिळणाऱ्या मोजक्या भारतीय मूकपटांपैकी एक होय. त्यात पित्याचा घात झालेला राजपुत्र कसरतीचे खेळ करणाऱ्यांत वाढतो आणि शेवटी आपले राज्य मिळवतो. तिन्ही कथांत पोरकेपण तात्पुरते आहे. जन्माने मिळालेला वारसा मुलाची सुटका करतो.

‘सावकारी पाश’चे वेगळेपण

बाबूराव पेंटर यांच्या ‘सावकारी पाश’ (१९२५) ने ही चौकट मोडली. ना. ह. आपटे यांच्या कथेवरील या मूकपटात व्ही. शांताराम यांनी तरुण शेतकऱ्याची भूमिका केली. सावकार बनावट दस्ताच्या आधारे जमीन बळकावतो आणि शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो. येथे कुटुंब उद्ध्वस्त होते ते दैवाने नव्हे, तर एका कागदाने. हा मूकपट आज उपलब्ध नाही. पेंटर यांनीच १९३६ मध्ये तो बोलपट म्हणून पुन्हा निर्माण केला.

ठाणे जिल्ह्यातील वास्तव

१८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चारच जिल्ह्यांसाठी होता. ठाणे त्यात नव्हते. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली समाजांच्या या जिल्ह्यात कर्जाने वेगळे रूप घेतले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी राबणाऱ्या ‘लग्नगड्या’चे वर्णन गोदावरी परुळेकर यांनी डहाणू-तलासरी भागासंदर्भात ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात केले आहे. संपूर्ण शहापूर तालुका व मुरबाडमधील काही गावे १९८५ च्या आदेशान्वये अनुसूचित क्षेत्रात आहेत.

या संदर्भात १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्यातील व्याख्या उद्बोधक ठरते. केवळ स्वतः घेतलेल्या कर्जापोटीचेच नव्हे, तर वारसाहक्काने अंगावर आलेल्या दायित्वापोटी करावे लागणारे श्रमही तीत अंतर्भूत आहेत. बाप गेला तरी कर्ज जात नसे, याची ही कायद्याने दिलेली कबुलीच होय. पडद्यावरील पोरक्या राजपुत्राला राज्य मिळाले; वेठीतल्या बापाच्या पोराला मात्र बापाचे देणे मिळाले.

समारोप

भावनाप्रधान कौटुंबिक मूकपट हे समाजाच्या करुणेचे साधन आहेत; परंतु त्या करुणेची मर्यादाही त्यांतूनच दिसते. अश्रू मुलासाठी होते, कर्जखताकडे लक्ष क्वचितच गेले. मूकपटांच्या बहुसंख्य प्रती नष्ट झाल्या आहेत. शहापूर-मुरबाडच्या वाड्या-पाड्यांतील वृद्धांच्या आठवणीही तशाच विरत आहेत. त्या मौखिक साधन म्हणून नोंदवून ठेवणे हे येथील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना सहज शक्य आहे, आणि त्यास आता विलंब परवडणारा नाही.