चित्रांगांची गणना आणि अजिंठ्याची रेषा

रेषा, आकार, छायाप्रकाश, वर्ण, पोत आणि अवकाश ही चित्राची मूलतत्त्वे होत, असे विधान चित्रकलेच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांच्या आरंभी आढळते. वर्णमालेतील अक्षरांप्रमाणे ही तत्त्वे स्वयंसिद्ध आहेत, देशकालानुसार बदलते ती केवळ त्यांची योजना, असा समज त्यामुळे दृढ होतो. वस्तुतः या गणनेलाही इतिहास आहे. १४३५ मध्ये आल्बेर्तीने चित्रकलेची तीन अंगे मानली : बाह्यरेखा, रचना आणि प्रकाशाचे ग्रहण. १८९९ मध्ये आर्थर वेस्ली डाउ या अमेरिकन कलाशिक्षकाने रेषा, कृष्णधवलाची योजना व रंग अशी निराळी त्रयी सांगितली. तिच्यातील मधल्या अंगाचे नाव तर त्याने जपानीतून घेतले. १९२६ मध्ये कांडिन्स्कीने बिंदू, रेषा आणि प्रतल यांपासून आरंभ केला. यांतील प्रत्येक यादी तिच्या कर्त्यासमोर असलेल्या चित्रांस अनुरूप आहे; इतर चित्रांस ती कितपत लागू पडते, हे प्रत्येक ठिकाणी तपासूनच ठरवावे लागते.

भारतीय ग्रंथांकडे वळल्यास हाच अनुभव येतो. कामसूत्रावरील जयमंगला टीकेत यशोधराने दिलेली षडंगे सर्वपरिचित आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. अवनींद्रनाथ ठाकुरांच्या विवेचनामुळे विसाव्या शतकात त्यांना भारतीय कलेच्या सूत्राची प्रतिष्ठा लाभली. त्यांत रेषेला स्वतंत्र स्थान नाही, ही गोष्ट मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. याउलट विष्णुधर्मोत्तराच्या तृतीय खंडातील चित्रसूत्रात, म्हणजे ३५ ते ४३ या अध्यायांत, रेखा, वर्तना, भूषण आणि वर्ण या चार गोष्टी चित्राचे अलंकार म्हणून गणल्या आहेत. त्यांचा रसिकवर्गही तेथे वाटून दिला आहे. आचार्य रेखेची प्रशंसा करतात, विचक्षण जन वर्तनेची. स्त्रियांना भूषण रुचते आणि इतरेजन वर्णसमृद्धीवर संतुष्ट होतात. स्त्रियांविषयीचा अभिप्राय त्या काळाचा म्हणून सोडून द्यावा. परंतु आचार्यांच्या वाट्यास रेखा यावी, हे अर्थपूर्ण आहे.

वर्तना या शब्दाचे भाषांतर ‘छायाप्रकाश’ असे करण्याचा मोह होतो आणि येथेच घोटाळा सुरू होतो. चित्रसूत्रातील वर्तनेचे तीन प्रकार पाहावेत. पत्रवर्तना पानावरील शिरांसारख्या रेषांनी साधते, ऐरिक वर्तना अतिसूक्ष्म रेषांनी, आणि बिंदुवर्तना कुंचल्याच्या टोकाने दिलेल्या ठिपक्यांनी. तिन्ही व्याख्यांत प्रकाश कोणत्या दिशेने येतो याचा उल्लेखही नाही. वर्तनेचे कार्य अवयवाला उठाव देणे हे आहे, आणि ते रेषा व बिंदू यांच्याच द्वारे होते. तात्पर्य, रेषा हे एक तत्त्व व छाया हे तिच्याहून भिन्न असे दुसरे तत्त्व, ही विभागणी या ग्रंथाला लागू पडत नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांसमोर हा ग्रंथ होता असे मानण्यास आधार नाही. तथापि लेणे क्र. १ मधील पद्मपाणीच्या मुखावरील उठाव कोणा एका खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा नव्हे, हे कोणाही प्रेक्षकाच्या ध्यानात येते.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत रुजलेले चित्रशिक्षण याहून वेगळ्या भूमीतले होते. १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेवर लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीचा पगडा होता. त्या पद्धतीचा अभ्यासक्रम तेवीस टप्प्यांचा. आरंभ भूमितीच्या रेषांनी, मग नमुन्यावरून बाह्यरेखा, नंतर छाया आणि त्यानंतर रंग. रेषा म्हणजे वस्तूची कड, तिची शुद्धता मापाने ठरायची. मराठी भाषेने मात्र दोन्ही अर्थ शाबूत ठेवले आहेत. पट्टी धरून मारतात ती रेघ, आणि चेहरा सुंदर असला म्हणजे तो रेखीव.

याच शाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांकरवी अजिंठ्याच्या प्रतिकृती करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतील अग्रगण्य. रॉबर्ट गिल यांच्या आधीच्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या होत्या. ग्रिफिथ्स यांच्याही बऱ्याचशा १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथे जळाल्या. उरल्यासुरल्या सामग्रीवर १८९६-९७ मध्ये त्यांचे दोन खंड निघाले. या परिश्रमांचे ऋण मोठे आहे, आणि म्हणूनच त्यांच्या निकषांची चिकित्सा आवश्यक ठरते. लेणे क्र. १६ मधील ‘मरणोन्मुख राजकन्या’, जिला आता बहुधा नंदाची पत्नी सुंदरी मानतात, तिच्याविषयी ग्रिफिथ्स यांचा अभिप्राय प्रसिद्ध आहे. फ्लॉरेन्सच्या चित्रकाराने रेखन अधिक चांगले केले असते, व्हेनिसच्या चित्रकाराने रंग. परंतु याहून अधिक भावाभिव्यक्ती दोघांनाही साधली नसती, असा त्याचा आशय. स्तुती मनापासूनची आहे. पण तिच्यात चित्राचे तीन तुकडे झाले आहेत, आणि हे तुकडे इटलीतील रेखन विरुद्ध रंग या जुन्या वादाच्या सांध्यांवर पडले आहेत. मान टाकून दिलेल्या त्या स्त्रीचा भाव खांद्यापासून बोटांपर्यंत उतरत जाणाऱ्या रेषेतच आहे. मग रेखनात उणे आणि भावात श्रेष्ठ, हा निवाडा कसा टिकावा?

१९०९ ते १९११ या काळातील दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस, असितकुमार हालदार, सय्यद अहमद आदींच्या साहाय्याने पुन्हा प्रतिकृती केल्या. त्या स्वतः टेंपेरा पद्धतीच्या जाणकार असल्याने त्यांचे लक्ष चित्र कोणत्या क्रमाने घडले याकडे गेले. पांढऱ्या लेपावर प्रथम ठसठशीत तांबडी रेषा. तिच्यावर हिरवट मातीच्या रंगाचा पातळ थर, ज्यातून खालची रेषा दिसत राहते. मग अंगभूत रंग. आणि शेवटी तपकिरी किंवा काळ्या रंगाने रेषेचे पुनर्लेखन. म्हणजे रेषा दोनदा येते, एकदा आराखडा म्हणून आणि एकदा निर्णय म्हणून. या दोहोंच्या मधे वर्ण व उठाव घडतात. साउथ केन्सिंग्टनच्या क्रमात बाह्यरेखा हा मागे टाकायचा टप्पा होता. येथे काम तिच्याशीच संपते. भिंतीवर ज्या ठिकाणी वरचे रंग झडले आहेत, तेथे ती पहिली तांबडी रेषा आजही उघडी पडलेली दिसते.