खुडूक कोंबडी (ब्रिटनमधील घरगुती उबवण)

खुडूक कोंबडी : अंडी घालणे थांबवून घरट्यात ठाण मांडणारी, पिसे फुलवून बसणारी आणि हात जवळ नेला की गुरगुरत टोच मारणारी कोंबडी. ब्रिटनमध्ये ती मुख्यतः वसंत आणि उन्हाळ्यात दिसते. डिसेंबरात लंडनचा दिवस आठ तासांपेक्षाही लहान असतो, जूनमध्ये तो साडेसोळा तासांवर जातो. वाढत्या उजेडाने अंडी सुरू होतात. पुढे साठलेल्या अंड्यांच्या स्पर्शाने काही कोंबड्यांच्या रक्तात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक चढते. मग अंडाशय आक्रसतो, पोटाची पिसे गळतात आणि उघडी, ऊन कातडी थेट अंड्यांना भिडते. एडिनबरोजवळच्या रॉसलिन येथील संशोधकांनी बँटम कोंबड्यांवर ही साखळी तपशिलाने उलगडली.

अंड्यांच्या व्यवसायाला हा गुण तोट्याचा, कारण बसलेली कोंबडी अंडी देत नाही. म्हणून व्यापारी संकरित जातींतून तो पिढ्यानपिढ्या निवड करून जवळजवळ काढून टाकला आहे. ब्रिटिश हेन वेल्फेअर ट्रस्ट ही संस्था 2005 पासून अंडी उत्पादनातून बाद झालेल्या कोंबड्या घरोघरी देते. त्या क्वचितच खुडूक होतात. घरी उबवण करायची तर सिल्की, पेकिन बँटम, कोचीन, ससेक्स, ऑर्पिंग्टन यांच्याकडे वळावे लागते. सिल्की सर्वांत भरवशाची मानतात, मात्र तिच्या लोकरीसारख्या पिसांत नवजात पिलाचा पाय किंवा मान अडकू शकते.

ब्रिटनमध्ये खुडूक कोंबडीला सर्वाधिक मान शिकारी जमीनदारांच्या रानात मिळाला. तेथील रखवालदार, म्हणजे गेमकीपर, शिकारीसाठी लागणारे फेझंट आणि तित्तर कोंबड्यांखाली उबवून घेत. हंगाम जवळ आला की ते आसपासच्या शेतांवरून खुडूक कोंबड्या गोळा करत. कोंबड्या बसवायच्या पेट्यांना तळ नसे. त्या थेट हिरवळीवर ठेवल्या जात, म्हणजे जमिनीची ओल अंड्यांना मिळे. कोंबड्यांना रोज एकदा उचलून बाहेर बांधत आणि चारापाणी झाले की परत बसवत. सफोकमधील युस्टन इस्टेटीवरील पद्धत तर फार कल्पक होती. रानातील तित्तराच्या घरट्यातली खरी अंडी काढून तेथे खोटी ठेवायची, खरी कोंबडीखाली उबवायची आणि कवच टोचले जाऊ लागले की पुन्हा तित्तराच्या हवाली करायची. तित्तराच्या मादीला थोडेच दिवस बसावे लागे आणि कोल्हा-कावळ्यांचा धोका अंड्यांपुरता तरी टळे. डी. एच. लॉरेन्स यांच्या 1928 सालच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ कादंबरीत रखवालदाराच्या झोपडीजवळ फेझंटची अंडी उबवणाऱ्या कोंबड्या आहेत, त्या याच व्यवस्थेतल्या. पुढे उबवणयंत्रांनी हे काम घेतले. घरच्या कोंबड्यांची गोष्ट वेगळी : दुसऱ्या महायुद्धात अंडी रेशनवर आली. घरी कोंबड्या पाळणाऱ्याला अंड्यांचे रेशन सोडून त्याऐवजी कोंबडीखाद्य घेता येई. हे रेशनिंग 1953 साली संपले.

आजच्या परसातली रीत साधी आहे, पण घाई तिला चालत नाही. कोंबडी खरोखर बसली आहे का, हे पाहण्यासाठी आधी दोन-तीन दिवस तिच्याखाली चिनी मातीची अंडी ठेवतात. मग रात्रीच्या अंधारात तिला शांत, वेगळ्या खुराड्यात हलवतात; दिवसा हलवलेली कोंबडी बरेचदा जुन्या जागी पळते. उवा आणि लाल गोचीड यांचा बंदोबस्त याच वेळी करावा लागतो, कारण हलू न शकणारी कोंबडी त्यांच्या तावडीत अलगद सापडते. खरी अंडी सगळी एकाच वेळी ठेवतात. मोठ्या कोंबडीखाली दहा-बारा, बँटमखाली तिच्या आकाराची पाच-सहा मावतात. अंडी आठवड्याच्या आतली असावीत. टपालाने मागवलेली एक दिवस टोक खाली करून स्थिर ठेवावीत.

त्यानंतर 21 दिवस कोंबडी स्वतःच अंडी फिरवते, कडेची मधे घेते आणि दिवसातून एकदा साधारण अर्धा तास उठून खाते, पिते, एकच मोठी दुर्गंधीयुक्त विष्ठा टाकते, धुळीत लोळते. ती आपण होऊन उठत नसेल तर उचलून खाली ठेवणे एवढेच माणसाचे काम. आठवड्याभराने अंधारात दिव्यासमोर अंडे धरले की जिवंत गर्भाच्या रक्तवाहिन्या जाळ्यासारख्या दिसतात. रिकामी अंडी तेव्हाच काढावीत. शेवटच्या दिवसांत कवचाआतून पिलू चिवचिवते आणि आई हलक्या आवाजात उत्तर देते. फुटू लागलेले अंडे सोलून मदत करण्याचा मोह टाळावा, कारण पिलाने रक्त आणि बलक अजून पुरते आत ओढून घेतलेले नसू शकतात. हाच बलक पहिले दोन दिवस पिलाला पुरतो, म्हणून उशिरा फुटणाऱ्या अंड्यांसाठी आईला बसून राहता येते.

पिलांना बारीक चुरी केलेले खास खाद्य आणि बुडणार नाहीत असे उथळ पाणी द्यावे. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात चुना जास्त असतो, तो पिलांच्या मूत्रपिंडांना घातक. त्यामुळे आईनेही पिलांचेच खाल्लेले बरे. बाकी सगळे ती करते : चोचीने दाणा उचलून टाकत बोलावणे, पंखाखाली घेणे, घार-मॅगपाय दिसताच इशारा देणे. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी 2011 साली दाखवले, की पिलांवर हवेचा सौम्य झोत सोडला तरी पाहणाऱ्या आईच्या हृदयाचे ठोके वाढतात. उबेच्या दिव्याखाली पिले जगतात हे खरे, पण हे राखणे दिव्याला येत नाही, आणि जिथे कोंबडी मिळते तिथे तिलाच काम द्यावे. सहा ते आठ आठवड्यांनी ती पिलांना टोचून दूर करते आणि पुन्हा अंड्यावर येते.

कायद्याची बाजूही आहे. 1950 च्या अॅलॉटमेंट कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये भाडेपट्ट्यात मनाई असली तरी कोंबड्या पाळण्याचा हक्क दिला, पण कोंबडा वगळून. त्यामुळे अनेकांना फलित अंडी विकतच आणावी लागतात. बर्ड फ्लूच्या साथींनंतर एक पक्षी असला तरी नोंदणी सक्तीची झाली : स्कॉटलंडमध्ये 1 सप्टेंबर 2024 पासून, इंग्लंड-वेल्समध्ये 1 ऑक्टोबरपासून. स्वयंपाकघरातून गेलेले उरलेसुरले अन्न कोंबड्यांना घालण्यासही बंदी आहे. उरलेला भात कोंबड्यांपुढे टाकण्याची सवय असलेल्या मराठी घरांनी हे ध्यानात ठेवावे.

सर्वांत अवघड प्रश्न नरांचा. निम्मी पिले कोंबडे निघतात, ते आरवतात, आणि शेजाऱ्याच्या तक्रारीवर नगरपालिका 1990 च्या पर्यावरण कायद्याखाली नोटीस देऊ शकते. यावर एक उपाय केंब्रिजमधून आला. तेथे अनुवंशशास्त्रज्ञ रेजिनल्ड पनेट यांनी मायकेल पीझ यांच्यासह जन्मतःच नर-मादी ओळखता येणाऱ्या जाती तयार केल्या. त्यातील क्रीम लेगबारच्या मादी पिलाच्या पाठीवर गडद पट्टे असतात, नराचा रंग फिका आणि डोक्यावर ठिपका असतो. पण ओळखता आले म्हणून नर कमी होत नाहीत. अंडी बसवण्याआधीच त्यांना कोण पाळणार, की घरीच खाण्यासाठी वाढवणार, हे ठरवलेले असावे.