राष्ट्र, संस्था, कुटुंब : भांडवलशाहीच्या चिकित्सेच्या तीन पद्धती

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील महाराष्ट्रीय अर्थविचाराचा इतिहास बहुधा निष्कर्षांच्या अंगाने लिहिला जातो. देश दरिद्री होत आहे, याविषयी दादाभाई नौरोजी, न्या. म. गो. रानडे आणि जोतीराव फुले यांचे एकमत असल्याने तिघांना एकाच परंपरेत बसविणे सोपे जाते. परंतु चिकित्सेचे मर्म निष्कर्षापेक्षा पद्धतीत असते, आणि पद्धतीकडे वळताच हे एकमत टिकत नाही.

दादाभाईंची पद्धत हिशेबाची आहे. १८७६ च्या निबंधात त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये काढले. शासनाचीच आकडेवारी शासनाविरुद्ध पुरावा म्हणून उभी करणे, हे त्यांचे सामर्थ्य. मात्र 'राष्ट्र' हे एकक धरल्यामुळे शोषण देशाच्या सीमेवर दिसते. सीमेच्या आतील सावकार आणि कूळ एकाच सरासरीत मिसळतात.

रानड्यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात अभिजात अर्थशास्त्राच्या सार्वत्रिकतेलाच आव्हान दिले. आर्थिक नियम देशकालसापेक्ष असतात, या ऐतिहासिक भूमिकेतून ते पतव्यवस्था, रूढी, शासन या संस्थांकडे पाहतात. भांडवलशाहीला त्यांचा नकार नाही. ती येथे रुजत का नाही, हा त्यांचा प्रश्न आहे.

'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये फुले शेतकऱ्याच्या घरात शिरतात. सारा, कर्ज, कचेरीतील कारकून आणि धर्मविधींचा खर्च ही त्यांच्या लेखी एकाच साखळीची कडी आहेत. येथे जातिव्यवस्था ही अर्थव्यवहाराची पार्श्वभूमी राहत नाही. ती वरकड काढून घेण्याची यंत्रणा ठरते. उपरोध आणि थेट संबोधन ही म्हणूनच केवळ शैली नव्हे. जे सरकारी तक्त्यात मावत नाही त्याची ती नोंद आहे.

या तिन्ही विवेचनांचा मुख्य आधार ब्रिटिश मुलूख होता. त्यांची कसोटी त्या मुलखाबाहेर, निजामाच्या राज्यातील सेलूसारख्या कापसाच्या पेठेवर, अधिक स्पष्ट होते. विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरी खोऱ्यातील मीटरगेज रेल्वेने हा भाग मनमाडशी, आणि तेथून मुंबईशी, जोडला. दादाभाईंच्या खतावणीत या शेतकऱ्याला स्वतंत्र रकाना नाही, कारण त्याचा राजा वेगळा आहे. रानड्यांची पद्धत विचारील : रेल्वे आली, पण तिच्यामागून कारखानदारी आणि स्वस्त कर्ज आले का? फुल्यांची पद्धत विचारील : गाडी रिकामी झाल्यावर घरी काय उरले, आणि मधल्यांनी किती घेतले?

राज्याची सीमा ओलांडून जाण्याचे बळ फुल्यांच्या एककात आहे, कारण कर्जबाजारी कुटुंब दोन्ही बाजूंस होते. तरीही अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) चढलेला आणि नंतर कोसळलेला कापसाचा भाव केवळ कुटुंबाकडे पाहून उलगडत नाही. त्यासाठी दादाभाईंप्रमाणे समुद्रापार जाणारा हिशेब लागतो. तिघांना एका परंपरेत विलीन केल्यास हा परस्परपूरक ताण हरवतो, आणि त्यासोबत ज्याच्यासाठी ही चिकित्सा झाली तो शेतकरीही.